आधी गेट, मग पेढे

टायपिंगच्या सरांना कोणी पेढा दिला तर ते तो लगेच तोंडात टाकत नसत. तळहातावर ठेवून समोरच्याकडे बघत आणि विचारत, "गेट बघितलंस?" हा प्रश्न खरं म्हणजे नोकरी लागलेल्यांसाठी होता. पण सवय अशी जडली होती की एकदा खालच्या गिरणीवाल्याच्या बायकोनं नातू झाल्याचा पेढा दिला, तर तिलाही त्यांनी तेच विचारलं. ती बाई पुढे कित्येक दिवस त्यांचं दळण मुद्दाम जाड काढायची.

मला हा माणूस आवडत नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण जुन्या मास्तरांविषयी कोणी लिहायला बसलं की लोक डोळे पुसायच्या तयारीनं वाचायला घेतात. इथं तसलं काही नाही. मला त्यांचा राग यायचा. ज्यांचा त्याहून जास्त राग यायला हवा होता त्यांचा तेव्हा येत नव्हता, आणि ह्या गोष्टीचा राग मात्र अजून गेलेला नाही.

कर्जतच्या बाजारात पिठाच्या गिरणीच्या माडीवर त्यांचा क्लास होता. सहा मशिनं. खाली गिरणी सुरू झाली की वरची जमीन थरथरायची आणि बटणांवर पिठाचा पातळ थर बसायचा. सर रोज तो कोंबडीच्या पिसानं झटकायचे. ऊन असो की थंडी, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत गुंड्या लावलेला, आणि काखेत छत्री. वाचल्याशिवाय ते कशालाही हात लावत नसत. एसटीचं तिकीट पुढून-मागून वाचायचे. लग्नपत्रिका खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत वाचायचे. औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचता वाचता दुकानदाराशी भांडण काढायचे. बोलणं एरवी पुस्तकी, शुद्ध. चिडले की मात्र खालापूरकडचं त्यांचं गाव तोंडातून बाहेर पडायचं, आणि चिडायचे तर ते दिवसातून चारदा.

मी कडावची. सकाळी कल्याणचं कॉलेज, दुपारी कर्जतला उतरून टायपिंग, संध्याकाळच्या एसटीनं घर. क्लासातली बाकीची मुलंही तशीच, बी.ए., बी.कॉम.ची. तिकडे रसायनीला पाताळगंगेच्या काठी कारखाने वाढत होते, आणि आम्हा प्रत्येकाला वाटायचं की टायपिंग आलं की तिथली एक खुर्ची आपली.

दुसऱ्या क्लासांत बोटं बसली की थोरामोठ्यांच्या भाषणांचे उतारे टाईप करायला देत. आमचे सर बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडून त्यातलं एक पत्र द्यायचे. त्या डब्यातली सगळी पत्रं चोरांची. कोडं सोडवा आणि ट्रान्झिस्टर जिंका. आखातात नोकरी, पासपोर्ट आमच्याकडे जमा करा. वर्षात दामदुप्पट, शेवटचे काही सभासद घेणे आहे. असं एक पत्र दहा वेळा टाईप करायचं. मग ते हातात लाल पेन्सिल द्यायचे. ह्यात घाई कुठं केली आहे तिथं रेघ मार, म्हणायचे. तुझं कौतुक कुठं केलंय तिथं मार. कोणाला सांगू नको असं कुठं सुचवलंय, तिथंही मार. एखादी रेघ राहिली की पुन्हा दहा वेळा तेच. आमची बोटं तयार झाली ती चोरांच्या इंग्रजीवर.

बरीचशी पत्रं 'वुई आर प्लीज्ड'नं सुरू व्हायची. तिथं सर पट्टी आपटायचे. "प्लीज्ड ते झालेत. तू कशाला होतोस?"

क्लासाच्या दाराला एक वीट लावलेली असे. एका मुलानं कोडं सोडवून ट्रान्झिस्टर जिंकला, व्हीपीचे पैसे पोस्टात भरून पार्सल सोडवलं, तर आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली ही वीट निघाली. तो मुलगा ती घरी न्यायला तयार नव्हता. सरांनी त्याची महिन्याची फी माफ केली आणि वीट ठेवून घेतली. तेव्हापासून वारा सुटला की ओरडायचे, "अरे, तो ट्रान्झिस्टर सरकवा दाराला." मुलं हसायची. ज्याची वीट होती तोही हसायचा, पण उशिरानं.

त्यांचं एक वाक्य आम्हाला पाठ होतं. अडाणी माणूस एकदा फसतो आणि गावभर बोंब मारतो. शिकलेला फसतो आणि गप्प बसून दुसऱ्याला जागा करून देतो. हे ते इतक्या वेळा बोलायचे की आम्ही त्यांच्या पाठीमागं त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचो. मी छान नक्कल करायचे.

आणि वॉचमन. ह्या माणसाची दोस्ती कोणाशी, तर रसायनीच्या कारखान्यांच्या वॉचमनशी. दिवाळीत छत्रीच्या दांड्याला फराळाच्या पिशव्या अडकवून एसटीनं जायचे आणि गेटागेटावर वाटून यायचे. साहेब खोटं बोलेल, कारकून खोटं बोलेल, पण गेटातून रोज आत कोण जातं हे वॉचमनला विचारावं, असं त्यांचं म्हणणं. क्लासातल्या कोणाला नोकरीचं पत्र आलं की त्यानं आधी त्या गेटावर जाऊन यायचं. वॉचमनला पत्रावरच्या साहेबाचं नाव सांगायचं, असा कोणी आहे का विचारायचं, भरती चालू आहे का बघायचं. मग पेढे.

आमच्या घरी उलटं झालं.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. बी.ए. होऊन घरी बसलेला. त्याला रसायनीच्या एका कंपनीचं क्लार्कच्या जागेचं पत्र आलं. पत्र घेऊन कंपनीचा माणूस स्वतः घरी आला. सफारी, सोनेरी काड्यांचा चष्मा, हातात बॅग. ओसरीवर बसला, बाबांना काका म्हणाला, आईच्या हातची तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी जेवला. परत परत मागून जेवला. जाताना म्हणाला की नोकरीसाठी भरायच्या डिपॉझिटचं बाहेर बोलू नका, जागा थोड्या आहेत, लोकांची नजर वाईट. आणि बॅगेतून पेढ्यांचा खोका काढून आईच्या हातात दिला. "हे मात्र खुशाल वाटा, आई. आनंद कशाला लपवायचा?"

आईनं त्याच संध्याकाळी आळीभर पेढे वाटले. खोक्यात उरलेला एक मी दुसऱ्या दिवशी सरांना नेऊन दिला.

"गेट बघितलं?"

मी म्हटलं, सर, कंपनीचे साहेब घरी येऊन गेले. पेढेसुद्धा त्यांनीच आणले.

सर एकदम उभे राहिले. खोका त्यानं आणला का, हे त्यांनी मला दोनदा विचारलं. मग पेढा कागदात गुंडाळून डब्यात ठेवला. म्हणाले, पत्र घेऊन ये. उद्याच घेऊन ये. मला इतका संताप आला. माणसानं शुभ बोलावं, निदान गप्प बसावं. तरी मी आणते म्हणाले.

घरी दादा म्हणाला, टायपिंगवाला जळतो, स्वतःला कधी कंपनीत नोकरी लागली नाही ना. बाबा जळतो बिळतो काही म्हणाले नाहीत. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि मग म्हणाले, "पेढे वाटून झाले गं. आता गावाला काय सांगू, पत्र तपासाया धाडलंय?"

हीच त्या चोराची अक्कल. तो पैसे नंतर घ्यायचा. आधी तुमच्याच हातानं गावाचं तोंड गोड करायचा. गावानं पेढा खाल्ला की माणूस बांधला गेला, मग मागे फिरायची वाट बंद. आईच्या पाटल्या गेल्या, डिपॉझिट भरलं गेलं. सर आठवडाभर रोज पत्राचं विचारत होते. मी लांबच्या मशिनवर बसायला लागले.

ठरलेल्या सोमवारी दादा कामावर गेला आणि संध्याकाळी वेळेवर परत आला. झालो जॉईन, म्हणाला. तीन महिने ट्रेनिंग, पगार मग एकदम. मी दुसऱ्या दिवशी क्लासात पाऊल ठेवल्या ठेवल्या सरांना ऐकवलं. ते म्हणाले, "गेटातून आत गेला का?" मी म्हटलं, नाहीतर काय भिंतीवरून गेला?

क्लास हसला. सरांनी डबा उघडला, कागदातला वाळलेला पेढा काढला आणि सावकाश चावून खाल्ला. गेट न बघता त्यांनी खाल्लेला तेवढा एकच पेढा. मला वाटलं, जिरली.

पुढे अडीच-तीन महिने आमच्या घरात सुख होतं. आई पहाटे उठून दादाचा डबा करायची. नेरळजवळच्या एका गावची मुलगी सांगून आली, माघातला मुहूर्त धरायचा ठरलं. शेतं कापून झाली, खळ्यावर भाताच्या भाऱ्यांच्या उडव्या रचल्या गेल्या. एका दुपारी सरांनी मला टाईप करायला एक पत्र दिलं. नावाच्या जागी कागदाची पट्टी चिकटवलेली. मी चार ओळी केल्या आणि पुढच्या ओळी न बघताच माझ्या बोटांतून उतरायला लागल्या. हे मी घरी शंभरदा वाचलेलं पत्र होतं.

मी म्हटलं, हे दादाचं पत्र आहे. तुमच्याकडे कसं आलं?

सरांनी पट्टी काढली. खाली आमच्या शेजारच्या काकूंच्या मुलाचं नाव होतं. तो त्याच सकाळी कंपनीला मान्यतेचं उत्तर टाईप करून घ्यायला सरांकडे आला होता. सरांनी त्याला बजावलं तर तो म्हणाला, आमच्या शेजारचा दादा तिथंच लागलाय, मी त्याला विचारलंय, माणूस चांगला आहे म्हणाला. तेव्हा सर उठले आणि तसेच एसटीनं रसायनीला गेले. आत्ताच परत आले होते.

बाकीची मशिनं थांबली. खालची गिरणी तेवढी चालू होती.

"वॉचमन काय म्हणाला सांगू? तो पोरगा व्हय, म्हणाला. रोज येतो. समोरच्या झाडाखाली बसतो, दुपारी डबा खातो, पाचचा भोंगा झाला की जातो. पैल्या दिवशी आत सोडला नाय तेव्हा रडला, म्हणाला."

मी म्हणाले, खोटं. तुम्ही खोटं बोलता म्हणाले. चारचौघांत, सगळ्या मुलांसमोर त्यांनी हे सांगायला नको होतं. मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. ही गोष्ट मी त्यांना तेव्हाही माफ केली नाही आणि आजही करत नाही.

सर म्हणाले, "तुझा भाऊ फसला तोवर बिचारा होता. आता तो त्या चोराकडं कामाला हाय. बिनपगारी. उद्या सकाळी शेजारचा पोरगा, तो चोर इथं उतरलाय त्या लॉजवर पैसे घेऊन जाणार, आणि त्याच्या मागं तुमच्याच गावचे आणखी चार."

मग तुम्ही सांगा गावात, मी म्हटलं.

"मी सांगितलं तर टायपिंगवाला जळतो." त्यांना ते कळलं होतं तर. "घरातल्यानं सांगितलं तर गाव ऐकेल." आणि मग आवाज उतरवून, शुद्ध भाषेत म्हणाले, "तो कामावर लागला असं तू सांगितलंस तेव्हा मला वाटलं होतं, आपलं चुकलं. बरं वाटलं होतं गं."

घरी येऊन मी दादाला उडवीमागं गाठलं. त्यानं नाकारलं नाही. खाली मान घालून गवताच्या काड्या मोडत राहिला. म्हणाला, माझं लग्न होऊ दे. मग मीच सांगतो सगळ्यांना. मी विचारलं, आणि उद्या सकाळचं काय? तर म्हणाला, ज्याचं त्याचं नशीब.

मला दादाची कीव येत होती ती त्या क्षणी संपली. तीन महिने झाडाखाली बसून डबा खाणारा माझा भाऊ मला समजत होता. नशीब म्हणणारा समजला नाही.

सकाळी आईनं डबा भरला. काकू नेहमीसारख्या कुंपणापाशी उभ्या होत्या, आज आमचाही जातो म्हणून सांगत होत्या, आणि त्यांचा मुलगा मागं नवा शर्ट घालून. मी आईच्या हातातून डबा घेतला आणि म्हणाले, "दादा कामाला नाय. दादा गेटासमोर झाडाखाली बसतो. पैसे नका देऊ, काकू."

दादानं माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. बाबा म्हणाले, घराची अब्रू घालवलीस. जमिनीवर पडलेला डबा आईनं उचलला, झाकण लावलं आणि खळ्यावर निघून गेली.

नंतर काय काय झालं ते इथंच सांगून टाकते. लग्न मोडलं. दादा चार वर्षं माझ्याशी बोलला नाही. पाटल्या परत येण्याचा प्रश्नच नव्हता. गावातल्या बायका पुढे मला बघून आपापसात म्हणायच्या की मुलीच्या जातीनं एवढं तोंड चालवू नये. ज्या पाच घरांचे पैसे वाचले त्यातल्या तीन घरांतल्या बायकाही हेच म्हणायच्या. सरांचा क्लास बंद झाला तेव्हा त्यांनी मला काय द्यावं, तर ती वीट. ती आज माझ्या दाराला आहे.

तर त्या सकाळी. काकूंचा मुलगा आणि गावातले चौघं-पाचजण मिळेल त्या एसटीनं कर्जतला गेले, मीही गेले. सर क्लास उघडत होते. ते छत्री आणि पत्रांचा डबा घेऊन पुढं झाले. लॉजवर तो माणूस दाढी करत होता. त्याला चौकीत आणला.

हवालदार चांगले होते. त्यांनी डब्यातली पत्रं टेबलावर मांडून घेतली. काकूंच्या मुलाचं धरलं नाही तरी एकाच मजकुराची नऊ निघाली, नऊ वेगळ्या नावांची, आमच्या तालुक्यातली आणि खालापूरकडची. सर्वांनी पैसे भरलेले. सरांनी ती वर्षभर दारोदार फिरून, हातापाया पडून मिळवलेली, आम्हाला कधी टाईप करायला न दिलेली. पण हवालदार म्हणाले, पत्रं आहेत, तक्रार कोणाची? काकूंच्या मुलाकडे बघून म्हणाले, ह्याचे पैसे तर ह्याच्याच खिशात आहेत. ज्याचे गेलेत असा एकजण आणा आणि सही करा. नाहीतर मी ह्याला कशावर बसवून ठेवू?

सर स्वतः निघाले, दोन मुलांनाही सायकलवर पिटाळलं. नऊ घरं. कोणी म्हणालं, बहिणीचं जमतंय. कोणी म्हणालं, गेलेले पैसे सहीनं थोडेच येणार? एक बाप म्हणाला, आमचा मुलगा कामावर जातो, तुम्हाला कोणी सांगितलं फसला म्हणून? म्हणजे तिथंही एक झाड असणार. आमच्या घरीही काकूंचा मुलगा जाऊन आला. दादा दार लावून बसला होता.

पदवीधर होते सगळे. नऊच्या नऊ. अर्ज करायला, सही ठोकायला शिकलेले. सर परत आले तेव्हा त्यांच्या शर्टाची एक बाही सुटली होती आणि ती लावायचं त्यांना भान नव्हतं. ते बाकावर बसले आणि पहिल्यांदाच मला म्हातारे दिसले. समोरच्या बाकावर तो माणूस चहा पीत होता. मला ओळखून हसला आणि म्हणाला, "दादा बरा आहे ना?"



दिवस कलताना एसटीनं आई आली. एकटी. केसांत भाताचं तूस, पदर खोचलेला तसाच. कर्जतच्या चौकीची पायरी ती कधी चढली नव्हती. आत येऊन तिनं त्या माणसाकडे एकदा बघितलं.

"माझ्या हातची भाकरी खाल्लीस तू," ती त्याला म्हणाली. मग हवालदारांकडे वळली. "पाटल्या माझ्या होत्या. माझ्या आयनं दिल्याल्या. फसले मी. लिवा."

हवालदार म्हणाले, बाई, सही येते का? ती नाही म्हणाली. ते जरा घुटमळले. म्हणाले, घरात एवढी शिकलेली माणसं आहेत, त्यातला कोणी आला असता तर बरं झालं असतं.

"शिकल्याल्यांना लाज वाटते, साहेब," आई म्हणाली. "मला नाय वाटत."

सर उठले. चौकीच्या मशिनपुढं बसले, दोन कागद आणि कार्बन चढवला, आणि आईला तिचं पूर्ण नाव विचारलं. ती सांगत गेली तसं करत गेले. कंपनीचं नाव आलं, भाकरी आली, पेढ्यांचा खोकाही आला. बाकावरच्या माणसानं चहाचा कप खाली ठेवला.

हवालदारांनी शाईची गादी पुढं सरकवली. आईनं अंगठा बुडवला आणि कुठं टेकायचा ते तिला कळेना, तिनं हात हवेतच धरून ठेवला. सरांनी कागदावर जागा दाखवली.

"सावकाश," ते म्हणाले. "इथं काही घाई नाही."